अलास्का: छोट्या बोटीची क्रूझ की मोठं जहाज? (सोबत आईबाबा आहेत)

सायली_प

नमस्कार मंडळी, पुढच्या उन्हाळ्यात अलास्काला जायचं पक्कं करतोय. आम्ही दोघं आणि माझे आईबाबा, ते तेव्हा इथे अमेरिकेत आलेले असतील व्हिजिटर व्हिसावर. दोघंही सत्तरीच्या आसपास, तब्येत तशी ठणठणीत पण आईचे गुडघे कुरकुरतात. सगळे सांगतात सिएटल किंवा व्हँकुव्हरहून ते मोठं जहाज घ्या, आरामात जा. पण मला साठ-सत्तर माणसांच्या त्या छोट्या बोटी खुणावतायत, ज्या जूनोहून निघतात आणि खाडीखाडीत शिरत आठवडाभर फिरवतात. बाबांना व्हेल बघायचेत, आईला हिमनदी समुद्रात कोसळताना बघायचीय आणि मला जरा शांतता हवीय. भाव मात्र बघवत नाहीयेत, मोठ्या जहाजाच्या कितीतरी पट. एवढे पैसे घालून खरंच काही वेगळं मिळतं का? ज्यांनी केलंय त्यांनी मनापासून सांगा.

रानभूल

सायली, मी छोट्या बोटीने जाऊन आलोय आणि त्याआधी मोठ्या जहाजानेही, त्यामुळे दोन्हीचं सांगू शकतो. आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक, की छोट्या बोटीतून 'जास्त' ग्लेशियर दिसतात. तसं काही नाही. ग्लेशियर बे या खाडीत मोठं जहाजही मार्जरी ग्लेशियरच्या समोर जाऊन उभं राहतंच आणि पंधराव्या मजल्यावरून ते छान दिसतं. पैसे तू मोजतेस ते थांबण्यासाठी. मोठ्या जहाजाला उद्या सकाळी अमुक वाजता स्कॅगवेच्या धक्क्याला लागायचंच असतं, वाटेत व्हेल दिसले तरी कॅप्टन घोषणा करतो, लोक धावत डाव्या बाजूला जातात आणि तोवर जहाज पुढे गेलेलं असतं. छोट्या बोटीचा कॅप्टन इंजिन बंद करून दोन तास तिथेच राहू शकतो आणि चांगला असला तर राहतोच.

आम्ही फ्रेडरिक साउंडमध्ये असेच थांबलो होतो. उन्हाळ्यात तिथे हंपबॅक व्हेल मोठ्या संख्येने असतात. हिवाळा ते हवाईकडे काढतात, पिल्लं तिथे होतात, पण तिथे त्यांना खायला जवळपास काहीच मिळत नाही, म्हणून वर्षभराचं खाणं ते इकडे अलास्कात येऊन खातात. बोटीवरच्या नॅचरलिस्टने पाण्यात हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) सोडला आणि स्पीकरवर खालचा आवाज लावला. आधी नुसती खरखर, मग एक लांब चढत जाणारी हाक, ती वाढत गेली, एकदम थांबली आणि दुसऱ्याच क्षणी पाण्यावर बुडबुड्यांचं गोल कडं उमटलं आणि त्याच्या मधोमध सात-आठ व्हेल तोंड उघडून एकत्र वर आले. याला बबल नेट म्हणतात. एक जण खालून गोल फिरत बुडबुडे सोडतो, हेरिंग मासे त्या भिंतीला बिचकून आत गोळा होतात, एक जण ओरडून त्यांना वर हाकलतो आणि मग सगळे मिळून झडप घालतात. सगळे हंपबॅक हे करत नाहीत, काही ठरावीक टोळ्याच करतात, आणि ते आठवडाभर जवळ राहूनही दिसेलच असं नाही. पण थांबायला वेळ असेल तरच दिसण्याची आशा, एवढं नक्की. कायद्याने व्हेलच्या शंभर यार्डांच्या आत बोट न्यायची नाही, ते स्वतः जवळ आले तर वेगळी गोष्ट.

म्हणून ब्रोशरमध्ये ग्लेशियरची नावं मोजू नकोस. कुठे किती तास थांबणार, आणि वाटेत काही दिसलं तर प्लॅन बदलायची कॅप्टनला मुभा आहे का, हे विचार. ज्या बोटीचं उत्तर "रोजचा कार्यक्रम ठरलेला आहे" असं येईल ती घेऊ नकोस, छोटी असली तरी.

नितीन_ज

कागदपत्रांचं आधी बघा, नाहीतर बाकी सगळं फुकट. १८८६ चा अमेरिकेचा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात नुसतंच उतरवू शकत नाही. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक सगळी परदेशी झेंड्याची, म्हणून ती व्हँकुव्हरहून निघतात किंवा सिएटलहून निघून व्हिक्टोरियाला थांबा घेतात. म्हणजे कॅनडा आलाच, आणि भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, संध्याकाळी तीन तासांचा थांबा असला तरी. शिवाय परत येताना अमेरिकेत पुन्हा एंट्री, तेव्हा आईबाबांचा अमेरिकन व्हिसा मल्टिपल आणि चालू असायला हवा.

तुम्ही म्हणताय तशा अमेरिकन झेंड्याच्या छोट्या बोटी जूनो ते जूनो किंवा जूनो ते सिटका जातात, कॅनडाचा प्रश्नच येत नाही. फक्त जूनोला रस्ता नाहीये हे लक्षात असू द्या, विमानाने किंवा बोटीनेच पोचता येतं. ढगांमुळे विमानं उशिरा येणं तिथे नेहमीचं आहे, म्हणून बोट सुटायच्या दिवशी सकाळी पोचायचा हिशेब अजिबात करू नका, एक रात्र आधी जा.

उत्तरवारा

मी जरा वेगळं मत मांडते. रानभूल म्हणतायत ते पटतं, पण आठवडाभराचे पैसे नसतील तर हेच सगळं नाही पण यातलं बरंच काही दुसऱ्या मार्गाने मिळतं आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

जूनोहून गस्टेव्हसला विमान किंवा सरकारी फेरी घ्या (अलास्का मरीन हायवे, १९६३ पासून चालू आहे, रस्ते नसलेल्या गावांचा तोच महामार्ग). तिथून पुढे बार्टलेट कोव्हला नॅशनल पार्कचं लॉज आहे आणि तिथून रोज सकाळी एक बोट दिवसभर ग्लेशियर बे मध्ये फिरवून संध्याकाळी परत आणते, सोबत पार्क रेंजर असतो. पार्कला प्रवेश फी नाही. साउथ मार्बल बेटावर सी लायनच्या डरकाळ्या आणि पफिन पक्षी, काठावर अस्वलं, कड्यांवर पांढऱ्या माउंटन गोट आणि शेवटी मार्जरी ग्लेशियर. दोन रात्री लॉजमध्ये राहा, एक दिवस बोट, एक दिवस तिथल्याच जंगलात पायवाटेवर हळूहळू चाला, आईच्या गुडघ्यांनाही झेपेल.

त्या एका दिवसात जे दिसतं त्याबद्दल थोडं लिहू द्या, कारण हे कळल्यावर ती खाडी बघण्यात वेगळीच मजा येते. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या जहाजावरचे लोक तिथे आले तेव्हा खाडी नव्हतीच म्हणा, तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती, जेमतेम पाच मैलांचा खळगा. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर होडीने आला, टिंगिट या तिथल्या मूळ रहिवाशांपैकी वाटाड्यांसोबत, तोवर बर्फ चाळीसेक मैल मागे सरकलेला. आज खाडी पासष्ट मैल आत जाते. म्हणजे तोंडापासून आत जाताना तुम्ही आत्ताच उघड्या पडलेल्या जमिनीकडे जात असता. बार्टलेट कोव्हला स्प्रूस आणि हेमलॉकचं दाट जंगल, दगडांवर हातभर शेवाळ. मध्यावर नुसती अल्डर आणि विलोची झुडपं. आणखी आत ड्रायसची जमिनीलगत पसरलेली चटई आणि अगदी टोकाला उघडा, घासलेला खडक. दोनशे वर्षांत जंगल कसं उभं राहतं ते एका दिवसात डोळ्यांसमोरून जातं, फक्त उलट्या क्रमाने. १९१६ मध्ये विल्यम कूपर नावाच्या शास्त्रज्ञाने तिथे जमिनीचे छोटे चौकोन आखून कुठे काय उगवतंय याची नोंद सुरू केली आणि त्या चौकोनांचा अभ्यास अजून चालू आहे. त्याच्याच खटपटीमुळे १९२५ मध्ये ही जागा संरक्षित झाली, १९८० मध्ये नॅशनल पार्क.

आणि एक, ही 'रिकामी' जमीन कधीच नव्हती. हूना टिंगिट लोकांची गावं तिथे होती, पुढे सरकणाऱ्या बर्फाने त्यांना घालवलं, आणि नंतर पार्क झाल्यावर त्यांच्या शिकारीवर आणि अंडी गोळा करण्यावर बंधनं आली. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं कुलगृह, खूना शुका हीत, उभं राहिलं, लाकडावर कोरलेलं, रंगवलेलं. उघडं असेल तर आत बसून जरूर ऐका ते काय सांगतात. मोठी जहाजं ग्लेशियर बे मध्ये धक्क्याला लागत नाहीत, त्यामुळे त्यावरच्या लोकांना हे घर आतून बघायला मिळत नाही.

सायली_प

बापरे, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार सगळ्यांचे. उत्तरवारा, लॉजचं मला माहीतच नव्हतं. आता तीन प्रश्न. एक, छोट्या बोटीवरून रबरी बोटीत उतरतात ते आईला जमेल का? दोन, कोणता महिना? तीन, मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये ट्रेसी आर्म या अरुंद खाडीत दरड कोसळून लाट आली होती ते वाचल्यापासून बाबा म्हणतायत नको ते फियॉर्डबियॉर्ड. त्यांना काय सांगू?

भरतीओहोटी

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, माझी आई पंच्याहत्तरीची होती आम्ही गेलो तेव्हा.

उतरायची पद्धत बोटीबोटीवर वेगळी असते. काहींना मागच्या बाजूला पाण्यालगत सपाट फळी असते, तिथून एक पाऊल टाकलं की रबरी बोटीत, दोन्ही बाजूंनी मनगट धरायला माणसं. हे गुडघेदुखीवाल्यांना जमतं. काहींना बाजूने शिडी असते, ते टाळा. खरी अडचण किनाऱ्यावर येते. तिथे धक्का वगैरे काही नसतो, रबरी बोट गोट्यांवर टेकते आणि तुम्ही काठावरून पाय फिरवून घोटाभर पाण्यात उतरता. दगड शेवाळलेले, आणि भरती-ओहोटीचा फरक वीस फुटांच्या आसपास जाऊ शकतो, त्यामुळे ओहोटीला उतरलात तर चिखल आणि घसरड्या गोट्यांची लांब पट्टी चालावी लागते. पुढे जंगलात पायवाट नसते बऱ्याचदा, अस्वलांनी पाडलेल्या वाटा असतात आणि डेव्हिल्स क्लब नावाचं काटेरी झुडूप, आधाराला हात टाकला की तळहातात काटे. आईला हे करायची गरज नाही. बहुतेक बोटी रोज दोन-तीन गट करतात, एक दमवणारा, एक मधला आणि एक नुसता किनाऱ्याकिनाऱ्याने रबरी बोटीतून फिरणारा. माझ्या आईने तो तिसराच घेतला रोज आणि अस्वलं तिलाच सगळ्यात जास्त दिसली, कारण ओहोटीला ती किनाऱ्यावर येतात, दगड उलटे करून खाली काय मिळतंय ते बघत.

मोठी बाब म्हणजे बऱ्याच छोट्या बोटींवर लिफ्ट नसते आणि डॉक्टरही नसतो. जेवण एका डेकवर, खोल्या दुसऱ्या, मध्ये उभे जिने. जेवणाच्याच डेकवरची खोली मागा. आणि इमर्जन्सीत हेलिकॉप्टर किंवा सीप्लेनने हलवावं लागलं तर तो खर्च भयानक असतो, तेव्हा मेडिकल इव्हॅक्युएशन असलेला इन्शुरन्स घेतल्याशिवाय आईबाबांना बोटीवर चढवू नका, हे मी हात जोडून सांगतोय. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये हे असेलच असं धरून चालू नका, पॉलिसी उघडून वाचा.

समुद्र लागण्याचं फार मनावर घेऊ नका. इनसाइड पॅसेज बेटांच्या आडोशाला आहे, बराचसा प्रवास तलावासारख्या पाण्यातून. चॅथम स्ट्रेट, आयसी स्ट्रेट ओलांडताना वारा असेल तर हलतं. बाहेरचा गल्फ ऑफ अलास्का मात्र वेगळा, तो रूटमध्ये असेल तर विचार करा.

आईबाबा शाकाहारी असतील तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. एकदा निघालं की आठवडाभर वाटेत दुकान लागत नाही.

मृण्मयी_स

महिन्याचं माझ्याकडून. मी प्राण्यांच्या नादाने गेले होते त्यामुळे त्या अंगाने सांगते.

मे मध्ये पाऊस त्यातल्या त्यात कमी, डोंगरांवर खालपर्यंत बर्फ, अस्वलं नुकतीच गुहेबाहेर आलेली, किनाऱ्यावरचं कोवळं गवत खायला येतात. गर्दी कमी, दरही थोडे खाली. थंडी मात्र असते. जूनमध्ये दिवस अठरा तासांचा आणि सीलची पिल्लं. सील तरंगत्या हिमखंडांवर पिल्लांना जन्म देतात कारण तिथे ओर्का (सील खाणारे शिकारी व्हेल) सहज पोचत नाहीत. म्हणूनच ग्लेशियर बे मधला जॉन्स हॉपकिन्स इनलेट मे-जूनमध्ये सगळ्याच बोटींना बंद असतो आणि मोठ्या जहाजांना ऑगस्टअखेरपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये लहान टूर बोटी आत जाऊ शकतात, पण सीलपासून अंतर राखून. बोट जवळ आल्याने आई सील दचकून पाण्यात उतरली तर पिल्लू मागे राहतं, त्यामुळे तुमची बोट लांबूनच वळली तर नाराज होऊ नका, बाकीच्यांनाही सांगा.

जुलै-ऑगस्टमध्ये सामन मासे ओढ्यांत चढतात आणि अस्वलं ओढ्याकाठी येतात. ॲडमिरल्टी बेटावर तर चौरस मैलामागे एक तपकिरी अस्वल असा हिशेब सांगतात, बेटावर साधारण सोळाशे. हंपबॅकही या दोन महिन्यांत भरपूर. पाऊस ऑगस्टपासून वाढतो आणि सप्टेंबर म्हणजे ओलं चिंब, पण रात्री पुन्हा काळोख्या होतात, त्यामुळे आकाश उघडलं तर ऑरोराची, म्हणजे आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशाची आशा.

बाबांना व्हेल हवेत आणि आईला बर्फ कोसळताना, तर मी जुलै म्हणेन. बर्फ कोसळणं तसं कधीही होतं, त्याला वेळापत्रक नाही. मार्जरी पाण्यावर अडीचशे फूट आहे, तुकडा पडताना आधी दिसतो आणि गडगडाट मागून येतो, कारण बोट लांब उभी असते. स्थानिक लोक त्याला पांढरा गडगडाट म्हणतात. आणि बर्फ निळा का असतो हे बाबा विचारणारच, तर सांगून ठेवा की दाबाने त्यातली हवा निघून जाते आणि मग तो घट्ट बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषून घेतो, निळा तेवढा बाहेर येतो. आणि हा निळा रंग ढगाळ दिवशी जास्त खुलतो, पाऊस आहे म्हणून केबिनमध्ये बसू नका.

सी ऑटरही बघा, उताणे पडून पोटावर शिंपले फोडत असतात. फरच्या व्यापारात ते या किनाऱ्यावरून नाहीसे झाले होते, १९६० च्या दशकात साधारण चारशे आणून पुन्हा सोडले आणि आज हजारोंनी आहेत. तिथल्या खेकडे पकडणाऱ्यांची त्यांच्यावर नाराजी आहे कारण ते खेकडे फस्त करतात, आणि ती तक्रारही खरी आहे.

रानभूल

ट्रेसी आर्मचं. १० ऑगस्ट २०२५ ला पहाटे साउथ सॉयर ग्लेशियरजवळ डोंगराचा मोठा भाग खाली आला आणि समोरच्या कड्यावर पाणी शेकडो मीटर वर चढलं. कोणी दगावलं नाही, पहाट होती म्हणून, दुपार असती तर तिथे जहाजं असती. कारण असं, की बर्फ कड्यांना आधार देऊन उभा असतो, तो मागे सरकला की उभे उतार उघडे पडतात आणि पावसात सैल होतात. लिटुया बे मध्ये १९५८ ला भूकंपाने दरड कोसळून पाणी १७२० फूट वर चढलं होतं. तेव्हा बाबांची भीती फालतू नाही आणि त्यांना तसं वाटू देऊ नकोस. बोटवाल्यांना सरळ विचार, की ट्रेसी आर्मला जाणार का, की शेजारच्या एंडिकॉट आर्म खाडीला वळवलंय, आणि भूगर्भशास्त्रज्ञांचे इशारे तुम्ही कसे बघता. नीट उत्तर देणारी माणसं असतात, उडवून लावणारीही असतात. बोट सुरू असतानाही कॅप्टन एखादी खाडी रद्द करू शकतो आणि त्याने केली तर त्याच्या बाजूने उभे राहा, सहप्रवासी कुरकुर करतातच.

उत्तरवारा यांचा लॉजचा पर्याय मला मनापासून आवडला. तुमच्यासाठी मी असं म्हणेन: बजेट ताणता येत असेल तर छोटी बोट, ग्लेशियर बे चं परमिट असलेली. परमिट हा शब्द मुद्दाम लिहितोय. तिथे दिवसाला दोनच मोठी जहाजं आणि तीन टूर बोटी सोडतात, त्यामुळे बऱ्याच बोटींच्या नकाशात 'ग्लेशियर कंट्री' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि ग्लेशियर बे नसतंच. आणि बजेट ताणून घरात भांडणं होणार असतील तर लॉजच्या दोन रात्री, ग्लेशियर बे ची दिवसाची बोट आणि जूनोहून अर्ध्या दिवसाची व्हेल बघायची फेरी. बाबांचे व्हेल त्यात होतात, जूनोच्या आसपास उन्हाळ्यात हंपबॅक असतातच. तुला हवी असलेली शांतता मात्र लॉजमध्ये जास्त मिळेल, हे खरं.

सायली_प

घरी वाचून दाखवलं सगळं. बाबांचा सूर बदलला, म्हणाले बोटवाल्यांना ते दरडीचे प्रश्न मीच विचारतो. आईचं म्हणणं तिला रोज रबरी बोटीतून किनाऱ्याने फिरायचा गट असेल तर आठवडाही चालेल. जुलैचा पहिला पंधरवडा धरून परमिट असलेल्या दोन बोटींना ईमेल टाकतेय: जेवणाच्या डेकवरची खोली, उतरायची फळी की शिडी, प्लॅन बदलायची मुभा. काही राहिलं का?

भरतीओहोटी

गमबूट बोटीवर मिळतात का आणि कोणत्या साइजपर्यंत ते विचारा, आईबाबांची मापं कळवून ठेवा. वॉटरप्रूफ पँट प्रत्येकाला हवीच, नुसतं जॅकेट घेऊन भागत नाही, रबरी बोटीच्या काठावर बसलं की आधी मांड्या भिजतात. आत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर, सुती काही नको. आणि दुर्बीण माणशी एक, आठ बाय बेचाळीसची पुरे. चौघांत एक नेलीत तर व्हेल वर येईल तेव्हा ती नेमकी दुसऱ्याच्या हातात असेल.